परकायाप्रवेश, पण पगारावर

सुपरपॉवरवाली पुस्तकं हा काही माझा प्रांत नाही. पिक्चर ठीक आहे, अडीच तास पॉपकॉर्न खात बसायचं आणि घरी यायचं, पण पुस्तकात त्याच गोष्टीला चारशे पानं लागतात आणि साचा तोच, पोराच्या अंगात काहीतरी आहे हे त्याला कळतं, पोरगं घाबरतं, कुणीतरी गूढ बोलणारा गुरू भेटतो, ट्रेनिंग होतं आणि मग जग वाचवायची वेळ येते. त्यामुळे भाचीने 'द बोन सीझन' आणून माझ्या टेबलावर आपटलं तेव्हा मी आधी नाकच मुरडलं.

"मावशी, तू हे वाच. ह्यात गँग आहे."

"कसली गँग?"

"भुतं वापरणाऱ्यांची गं. इलाखे, भाई, सगळं आहे. आई म्हणाली तुला मुंबईच्या भाईगिरीचे सगळे पिक्चर पाठ आहेत."

आता आमच्या ताईने एवढी जाहिरात केलेली असल्यावर नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. वनाझ ते कल्याणीनगर मेट्रोत रोज वाचायला काहीतरी लागतंच, म्हटलं चला.

सामंथा शॅनन ह्या इंग्लिश लेखिकेची ही पहिली कादंबरी, २०१३ च्या ऑगस्टमध्ये ब्लूम्सबरीने काढली. बाई तेव्हा २१ वर्षांची, ऑक्सफर्डच्या सेंट ॲन्स कॉलेजात शिकता शिकता हे लिहिलेलं, आणि एक नाही, सात भागांची मालिका असणार हे तेव्हाच ठरलेलं. एकविसाव्या वर्षी सात पुस्तकांचा प्लॅन करून बसणारी माणसं मला जरा भीतीदायकच वाटतात. साहजिकच त्या वेळी 'पुढची रोलिंग' (हॅरी पॉटरवाली) वगैरे लेबल तिला चिकटवून झालं, जे बिचाऱ्या प्रत्येक नव्या फँटसीवालीला चिकटवतात आणि ज्याचा पुस्तकाशी काडीचा संबंध नसतो. हे पुस्तक शाळेचं नाहीच मुळी, हे धंद्याचं पुस्तक आहे.

गोष्ट २०५९ सालच्या लंडनमध्ये घडते. तिथे सायन नावाचं सरकार आहे (मुंबईचं सायन डोक्यातून काढायला मला बराच वेळ लागला, 'सायनचे रक्षक' असं वाचलं की मला लोकलचा फलाटच दिसायचा). ह्या सरकारच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे अतींद्रिय असणं. काही करणं नाही बरं का, नुसतं असणं. ज्यांना मेलेल्यांचे आत्मे जाणवतात, जे पत्ते काढून किंवा हात बघून पुढचं सांगतात, ज्यांच्या अंगात येतं, ते सगळे 'अनैसर्गिक', आणि सापडले की संपले. त्यातल्याच काहींना सरकार रात्रपाळीच्या पोलिसात भरती करून घेतं, आपल्याच जातकुळीची माणसं पकडून द्यायची, ठरलेली वर्षं इमानेइतबारे नोकरी करायची आणि मग बक्षीस काय, तर त्रास न होता मरण. हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून दोन स्टेशनं नुसतीच खिडकीबाहेर बघत बसले होते, इतकी सरकारी वाटली ती कल्पना मला. पेन्शनऐवजी.

आपली नायिका पेज मॅहोनी, वय १९, मूळची आयर्लंडची. बाप सायनच्याच नोकरीत, आणि त्याला वाटतं पोरगी ऑक्सिजन बारमध्ये काम करते. ऑक्सिजन बार म्हणजे काय, तर दारूवर बंदी आहे, म्हणून लोक काउंटरवर बसून वेगवेगळ्या चवीचा ऑक्सिजन ओढतात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नळस्टॉपच्या सिग्नलला उभं राहिलं की हा धंदा पुण्यात कसा तुफान चालेल ते लगेच कळतं.

प्रत्यक्षात पेज कामाला आहे जॅक्सन हॉलकडे. लंडनचे विभाग पाडलेत, प्रत्येक विभागाला एक भाई, आणि सेव्हन डायल्सचा भाग हा जॅक्सनचा. भाचीचं म्हणणं बरोबर होतं, पहिली जी पानं आहेत ना ती अस्सल भाईगिरीची आहेत. कोणाच्या हद्दीत कोणी धंदा करायचा, कोणाला कोणाच्या नावाने संरक्षण, भाई खूश असला की कसा आणि बिथरला की कसा. आणि हा जॅक्सन काय माणूस लिहिलाय! नटवा, शिकलेला, बोलण्यात साखर, पोरांवर जीव टाकल्यासारखा वागणारा, आणि आत हिशोब पक्का की ही माणसं माझ्या मालकीची आहेत. मी असे बॉस बघितलेत. तुम्हीही बघितले असतील, फक्त त्यांच्याकडे छडी नसते.

पेजची पॉवर काय, तर परकायाप्रवेश. तिचा आत्मा शरीर सोडून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या मनात शिरू शकतो. हे आपल्याला नवीन थोडंच आहे, शंकराचार्यांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते, मंडनमिश्रांच्या बायकोने संसारातले प्रश्न विचारले, ह्या ब्रह्मचाऱ्याला उत्तरं येईनात, मग मेलेल्या अमरू राजाच्या देहात शिरून सगळं शिकून आले, आणि तोवर इकडे गुहेत शिष्य त्यांचा देह राखत बसले होते. मला लहानपणी ह्या गोष्टीत राजापेक्षा त्या शिष्यांचं जास्त वाटायचं. म्हणजे नुसतं बसून राहायचं, गुरूचा देह समोर पडलेला, परत येणार का नाही माहीत नाही, मुंग्या लागू द्यायच्या नाहीत, लाकूडफाटा गोळा करणारे आले तर त्यांना काय सांगायचं. ही राखणीची बाजू शॅनन बाईंनी बरोब्बर पकडलीय. पेजचा आत्मा बाहेर गेला की तिचा श्वास थांबतो. थांबतो म्हणजे थांबतोच, त्यामुळे जॅक्सनच्या अड्ड्यावर तिला ऑक्सिजनचा मास्क लावून मशीनवर निजवतात आणि मग ती आजूबाजूच्या परिसरात कोण कुठे आहे ते चाचपत राहते. म्हणजे टेहळणी, पण आडवं पडून. काम झालं की डोकं ठणकतं, नाकातून रक्त येतं, आणि भाई विचारतो काय कळलं.

एवढ्यासाठीच मला ती पॉवर पटली. उडणं, अदृश्य होणं, बोटांतून वीज काढणं ह्याला किंमत काहीच द्यावी लागत नाही, पात्राला ते आलं म्हणजे आलं. इथे प्रत्येक वेळी मरणाच्या दाराला हात लावून परत यायचंय, शिवाय ते नोकरी म्हणून.

आणि दुसऱ्याच्या मनात शिरल्यावर आत काय दिसतं, तर प्रत्येकाच्या मनाचा एक प्रदेश असतो. कुणाचा कसा, कुणाचा कसा, पेजचा लाल पॉपीच्या फुलांचा माळ आहे. त्याला पट्टे असतात, मध्यभागी उजेडाचा, मग संध्याप्रकाशाचा, मग मध्यरात्रीचा, आणि पार कडेला गडद काळोखाचा, समुद्राच्या थरांना शास्त्रज्ञ जी नावं देतात तीच उचललीत. माणूस शहाणा असेल तर त्याचा आत्मा उजेडाच्या पट्ट्यात उभा असतो. पेजला पार कडेच्या काळोखातून आत घुसून त्या मधल्या उजेडापर्यंत पोचायचं असतं आणि तिथल्या मालकाला ढकलून बाहेर काढायचं असतं. पुढे सराव करताना ती आधी फुलपाखरात शिरते आणि मग हरणात, आणि ती पानं फार सुंदर उतरलीत, कारण तिथे पॉवर दाखवायची नसते, एका लहानशा जिवाचं हलकं अंग अंगावर घालून बघायचं असतं.

पण सुरुवातीचा तो ट्रेनमधला प्रसंग. पेज घरी निघालीय, भुयारी रेल्वेच्या डब्यात अचानक तपासणी, दोन रक्षक, आणि ते स्वतः अतींद्रिय असल्यामुळे त्यांना हिच्याभोवतीचा रंग दिसणार हे नक्की. पळायला जागा नाही. ती घाबरून नुसता जीव एकवटते आणि आतून एक धक्का देते, एवढंच. एक जण जागेवर मरतो, दुसरा वेडा होतो. हे मी डेक्कन ते पुणे महापालिका ह्या टप्प्यात वाचलं, बाहेर लख्ख ऊन, खाली नदी, आपली वनाझ-रामवाडी वरूनच जाते ना, भुयारातली ती दुसरी लाइन, तरीसुद्धा डब्यात सिक्युरिटीवाला माणूस आला आणि एका पोराला दाराला टेकू नका म्हणाला तेव्हा मी दचकले. त्या पोराने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच काहीतरी केलंय. शेजारच्या काकूंनी पुस्तकात डोकावून विचारलं, "भुताचं आहे का?" मी म्हटलं, "पोलिसांचं आहे." दोन्ही खरंच होतं की.

खरी गोष्ट ह्याच्यानंतर सुरू होते. पेज पकडली जाते (छपरांवरचा पाठलाग आहे, झकास आहे, सांगत बसत नाही) आणि तिला नेतात ऑक्सफर्डला. जगाला वाटतंय की ऑक्सफर्ड कधीच ओसाड पडलंय, नकाशावर नाही, कोणी जात नाही. प्रत्यक्षात तिथे रेफाइम नावाची माणसापेक्षा उंच, माणसापेक्षा देखणी आणि माणसाला कस्पटासमान लेखणारी एक जमात राहते, गेली २०० वर्षं, आणि सायन सरकार त्यांचंच मांडलिक. दर दहा वर्षांनी सरकार पकडलेले अतींद्रिय लोक त्यांना पुरवतं, हा तो बोन सीझन, पेजचा विसावा. तिला नाव नाही, नंबर, एक्सएक्स-५९-४०. आल्यावर पांढरा अंगरखा, परीक्षा पास होत गेलात तर गुलाबी, मग लाल, आणि लाल अंगरख्याला इतरांवर रुबाब करायची मुभा. नापास झालात तर झोपड्यांमध्ये राहून मालकांसमोर कसरती करायच्या. आता लेखिका स्वतः ऑक्सफर्डची विद्यार्थिनी, आणि तिने काय केलं, तर जगातलं एवढं नावाजलेलं विद्यापीठ उचलून त्याचा तुरुंग केला, मॉडलिन कॉलेजच्या बुरुजात नायिकेला कोंडलं. पुण्यातली होस्टेलवर राहिलेली कुठलीही मुलगी म्हणेल, ह्यात फँटसी काय आहे?

ऑफिसमध्ये डबा खाताना मी ही सगळी स्टोरी रंगवून सांगत होते. आमच्यात एक जण सोलापूरचा आहे, फारसा बोलत नाही, तो शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवत म्हणाला, "आमच्याकडं सेटलमेंट म्हणून एरियाच आहे की." बाकीच्यांना कळलं नाही, मला अर्धवट कळलं, मग तोच बोलला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार म्हणून सरकारी यादीत घातल्या, त्यांच्या लोकांची हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, आणि पुढे तारेच्या कुंपणाच्या वसाहती, त्यातलीच एक सोलापूरची. पोर जन्मली की गुन्हेगार. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली तेव्हा कुठे, ३१ ऑगस्ट १९५२ ला, ते लोक विमुक्त झाले, आणि तरी शिक्का काही पुसला नाही, आजही कुठे चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या वस्तीवर जातात हे पेपर वाचणाऱ्याला माहीत आहे. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' मी कॉलेजात वाचलेलं, त्यातलं पोलिसांचं घरात घुसणं अजून अंगावर येतं, पण ह्या झगमगीत कव्हरच्या पुस्तकाशी त्याची सांगड घालायचं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दुपारनंतर मी हे पुस्तक वेगळंच वाचायला लागले. मघाशी मी म्हटलं ना, करणं नाही, असणं, त्या एका गोष्टीवर हे अख्खं पुस्तक उभं आहे. बाकीच्या सुपरपॉवरवाल्या गोष्टींमध्ये पॉवर म्हणजे बक्षीस असतं किंवा फार तर जबाबदारी असते. इथे ती पोलिसातली नोंद आहे. पेज जन्मली तेव्हाच तिचं नाव यादीत लिहिलं गेलं, तिने काही केलं नसतं तरी, आणि म्हणून जॅक्सनसारख्या भाईकडे राहणं तिला परवडतं, कारण बाहेर राहिली तर तशीही मरणारच. लंडनची एक पोरगी लंडनचीच अशी कल्पना करते, त्यातलं ब्रिटिश सरकार आपल्याच माणसांना जन्मजात गुन्हेगार ठरवतं, आणि इथे सोलापूरला ते त्यांच्याच बापजाद्यांनी कागदोपत्री करून ठेवलेलं. लेखिकेला हे माहीत होतं का, मला काय माहीत, पुस्तकात तसं काही नाही. पण आपण वाचताना आपलंच सगळं घेऊन बसतो ना.

आणि आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. ह्या जॅक्सनने तरुणपणी एक पुस्तिका लिहिलेली असते, त्यात त्याने सगळ्या अतींद्रियांची सात वर्गांत विभागणी केली. खालचे कोण, तर पत्ते, फासे, आरसे असल्या वस्तू लागणारे, त्यांच्यावर झाडपाला, रक्त, हाताच्या रेषा वापरणारे, मग अंगात येणारे वगैरे, आणि सगळ्यात वर पेजसारखे, ज्यांना बाहेरचं काहीच लागत नाही. आधी सगळे नुसते पळून लपणारे होते, पुस्तिका छापली आणि लगेच कोण वरचा कोण खालचा सुरू, टोळ्यांच्या मारामाऱ्या, आणि सगळ्यात खालच्यांना कोणी जवळ करेना. वरून सरकार सगळ्यांनाच फासावर देतंय, पण ह्यांना आधी आपली पायरी ठरवायची आहे. ह्याच्यावर मी काही जास्त बोलायला नको, आपण सगळे ह्याच मातीतले आहोत.

पण त्या वर्गवारीत मी आपली माणसं बसवून बघितली आणि फार मजा आली. आप्पा बळवंत चौकाकडे जाताना पूर्वी फुटपाथवर पिंजऱ्यातला पोपट घेऊन बसलेला ज्योतिषी असायचा, पोपट बाहेर येऊन चोचीने पाकीट काढायचा, तो पहिल्या वर्गात. कुडमुडे जोशी पण तिथेच कुठेतरी. पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा, ज्याला म्हणे पक्ष्याची भाषा कळते, तो दुसऱ्यात टाकावा लागेल. पोतराज, देवऋषी, अंगात येणाऱ्या आमच्या गावच्या आक्का, तिसऱ्यात. आणि चांगदेव? १४०० वर्षं जगलेला, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला रुबाब दाखवायला आलेला माणूस म्हणजे आपल्याकडचा पक्का सुपरहिरो, आणि समोरून ही भावंडं भिंतीवर बसून आली, भिंत चालवत. पॉवर विरुद्ध पॉवर, पण त्या गोष्टीत जिंकतं कोण, तर ज्याला पॉवरची काही पडलेली नाही तो. पुढे तर मुक्ताबाईच चांगदेवाची गुरू झाली, त्याच्यापुढे वयाने अगदी चिमुरडी. जॅक्सन हॉलला ही गोष्ट कोणी सांगितली पाहिजे.

आता एक प्रश्न मला आमच्या बाबांनी विचारला आणि तो रास्त होता. बाबांच्या कपाटात वरच्या खणात नारायण धारपांच्या भयकथा आणि खालच्या खणात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अंक, त्यामुळे दोन्हीकडचा अधिकार त्यांना आहे. ते म्हणाले, "अगं, भविष्य सांगणाऱ्यांना हिरो केलेलं पुस्तक तू कौतुकाने वाचतेस?" आणि मग महिना लक्षात आल्यावर दोघंही गप्प झालो. ज्या ऑगस्ट २०१३ मध्ये हे पुस्तक तिकडे दुकानात आलं, त्याच महिन्यात, २० तारखेला सकाळी, आपल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी चपला झिजवल्या तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला.

मी बाबांना म्हटलं, तो कायदा काय म्हणतो बघा ना, तुम्ही काय मानता ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तुम्ही दुसऱ्याला फसवलंत, मारलंत, अघोरी काही करायला लावलंत तर पकडणार. कृत्याला शिक्षा. सायनचा कायदा नेमका उलटा, कृत्याचं काही नाही, तू आहेसच असा. मला हे स्वतःलाच फार हुशारीचं वाटलं. बाबा म्हणाले, "बरं, धारप वरच्याच खणात ठेव मग," म्हणजे त्यांना पटलं असावं. आणि तसंही आमच्या घरात हा नियम आहे, भूत पुस्तकात कितीही असू दे, घरात नको.

धारप निघालेच आहेत तर, त्यांच्याकडे अमानवी गोष्ट बाहेरून येते, एखाद्या साध्या माणसाच्या घरात, वाड्यात, आणि तिला आवरायला त्यांच्या समर्थ ह्या पात्रासारखा कोणीतरी अधिकारी पुरुष लागतो. इथे मुलगी स्वतःच ती अमानवी गोष्ट आहे, म्हणून भीती वाटत नाही, वाचताना अंगावर काटा वगैरे काही येत नाही. कोणी भयकथा समजून घेतलं तर फसेल.

तक्रारी आहेत, भरपूर आहेत. पहिली म्हणजे शब्द. बाईंनी १९व्या शतकातल्या लंडनच्या चोर-गुंडांची बोली घेऊन त्यावर स्वतःची भर घातलीय, वर रेफाइमांची नावं, विभागांचे नंबर, वर्ग, पोटवर्ग, पुढे तक्ता, मागे शब्दार्थांची यादी. सुरुवातीला मी दर पानाला मागे जात होते आणि मेट्रोत उभं राहून एका हाताने हे करणं म्हणजे कसरतच, मग सोडून दिलं, आपोआप कळतं. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याला वाटतं की आपल्याला सुचलेलं सगळं आताच सांगितलं नाही तर पुन्हा कोणी विचारणार नाही, लग्नाच्या पंगतीत यजमानीणबाई पान भरलेलं असतानाही जिलबी वाढत सुटतात तसं. बाई, सात भाग आहेत, दमाने घ्या.

दुसरी मोठी, वॉर्डन. रेफाइमांपैकी एक जण पेजचा मालक आणि शिक्षक म्हणून नेमला जातो, सोनेरी डोळे, कमी बोलणं, मनात काहीतरी वेगळंच, आणि तुम्हाला पहिल्या भेटीतच कळतं की आता हे कुठे जाणार. तिथे जातंच. माझं म्हणणं, ज्याच्या हातात तुमच्या खोलीची किल्ली आहे त्याच्यावर प्रेम बसवायचं तर लेखकाला फार मेहनत करावी लागते, आणि इथे ती शेवटी शेवटी घाईत उरकलीय. भाचीचं मत पूर्ण विरुद्ध आहे. "मावशी, तुला काही कळत नाही, तो किती दुःखी आहे." दुःखी असू दे ना बाई, आधी तिला सोड. ह्या विषयावर आमचं ताईच्या स्वयंपाकघरात इतकं वाजलं की ताईने कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं.

तिसरं, छावणीतला मधला भाग लांबलाय, आणि रेफाइमांची मुख्य बाई नाशिरा ही नुसतीच दुष्ट आहे, सकाळी उठल्यापासून दुष्ट. जॅक्सनसारखा माणूस लिहिता येणाऱ्या लेखिकेने अशी एकरंगी खलनायिका का लिहावी? मला सारखं वाटत होतं, परत लंडनला चला, त्या अड्ड्यावर चला.

लेखिकेलाही पहिल्या पुस्तकात काही खुपत असणार, कारण दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, तिने स्वतः हात फिरवून ह्याची नवी आवृत्ती काढली. माझ्याकडे आलेली जुनी आहे, भाचीने वापरलेल्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेली, आत कुणीतरी पेन्सिलने 'हा कोण??' असं समासात लिहिलंय, तेही तीन वेगवेगळ्या ठिकाणी आणि तीन वेगवेगळ्या पात्रांपुढे. मला त्या अनोळखी वाचकाबद्दल फार आपुलकी वाटली.

मध्येच एक खेळ सुचला आणि तो आमच्या घरी अजून चालू आहे. पुण्यात ही भुतांची सिंडिकेट असती तर? विभाग तर तयारच आहेत, पेठा. कसबा, सोमवार, मंगळवार, बुधवार, प्रत्येक पेठेला एक भाई. कसब्याचा म्हणणार आम्ही सगळ्यात जुने, मान पहिला आमचा. सदाशिवचा भाई स्वतः काही करणार नाही, फक्त इतरांच्या पद्धतीतल्या चुका काढेल. शनिवार पेठेच्या टोळीकडे सगळ्यात भारी आत्मा, १७७३ पासून वाड्यात 'काका मला वाचवा' म्हणत फिरणारे नारायणराव, आणि ह्या पुस्तकातल्या टोळ्या आत्मे बांधून ठेवून कामाला लावतात त्यामुळे त्यांच्यावरून तर कायमचे राडे. भाची म्हणाली, वेताळ टेकडी न्यूट्रल ठेवायची, तिथे सगळ्यांच्या मीटिंगा, कारण खुद्द वेताळासमोर कोण दादागिरी करणार. ताई म्हणाली, तिथे पहाटे चारपासून फिरायला येणारे आजोबा असतात, मीटिंग होऊच देणार नाहीत. बाबा म्हणाले कोथरूडला कोणी विचारलंच नाही. ते खरंच राहून गेलं होतं.

वाचावं का? ज्याला टोळ्या, हद्दी, धूर्त भाई आवडतात त्याने जरूर. ज्याला पॉवर म्हणजे ढिशूम हवंय त्याने नको, ढिशूम आहे पण कमी. दहावी-बारावीच्या पोरांना चालेल, मारहाण आणि छळ बराच आहे एवढं लक्षात ठेवा. इंग्रजी तसं अवघड नाही, ते खास शब्द सोडले तर सरळ चालतं. आणि शब्दार्थांची यादी आधी वाचू नका, त्यात काही गोष्टी फुटतात.

मालिकेचे आतापर्यंत पाच भाग आलेत, पाचवा २०२५ मध्ये. दुसऱ्याचं नाव 'द माइम ऑर्डर' आणि त्यात मंडळी परत लंडनमध्ये, म्हणजे टोळ्या, हद्दी, गादीचं राजकारण, आणि जॅक्सन पुष्कळ. तो मी परवाच सुरू केलाय, वॉर्डन अजून आलेला नाही. भाची म्हणते येईल. मी म्हटलं येऊ दे, पण मला सांगू नको कितव्या पानावर.